टर्बो बसवल्यावर क्लच लावताना

टर्बो बसवलेली स्नोमोबाइल दिसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: बूस्ट, म्हणजे टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब, किती? क्लचचं सेटिंग विचारणारा क्वचित भेटतो. पण इंजिनात तयार झालेली सगळी ताकद बर्फापर्यंत जाते ती दोन पुल्यांच्या पकडीत असलेल्या एका रबरी बेल्टवरून. या पुल्या म्हणजेच क्लच. ती पकड नीट बसली नाही, तर वाढवलेल्या ताकदीचा बराच भाग तिथेच उष्णता होऊन संपतो. मी माझ्या ८०० सीसी वर्गातल्या टू-स्ट्रोक माउंटन गाडीला टर्बो किट बसवलं, आणि पुढे हिवाळ्याचा मोठा भाग क्लच लावण्यात गेला. तो काळ मला फार आवडला. इंजिन आणि बर्फ यांच्यामध्ये नक्की काय चालतं, हे मला त्या काळात जितकं समजलं तितकं आधी कधीच समजलं नव्हतं.

ज्यांनी ही यंत्रणा उघडून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्नोमोबाइलला गिअरबॉक्स नसतो. क्रँकशाफ्टच्या टोकाला एक पुली असते, ती प्रायमरी. ट्रॅककडे (बर्फावर फिरणाऱ्या रबरी पट्ट्याकडे) ताकद नेणाऱ्या जॅकशाफ्टवर दुसरी, ती सेकंडरी. प्रत्येक पुलीच्या दोन तिरक्या तबकड्या. एक पक्की, एक सरकणारी. प्रायमरीत साधारण बोटाएवढी वजनं बिजागरीसारखी टांगलेली असतात. आरपीएम (मिनिटातले फेरे) वाढला की ती बाहेर फेकली जातात, सरकती तबकडी पुढे ढकलतात, बेल्ट चिमटला जातो आणि गाडी हलते. वेग वाढत जाईल तसा बेल्ट प्रायमरीवर कडेकडे चढतो आणि सेकंडरीत खोल उतरतो. सुरुवातीला प्रमाण तीनास एकच्या आसपास असतं, शेवटी ते एकाच्याही खाली जातं. प्रायमरीतली स्प्रिंग वजनांना विरोध करते. सेकंडरीत दुसरी स्प्रिंग आणि हेलिक्स नावाचा तिरका उतार असलेला भाग असतो. इंजिनाचा टॉर्क (फिरवणारा जोर) आला की हेलिक्स त्याचं रूपांतर बेल्टवरच्या दाबात करतो.

गिअरलेस स्कूटरमध्ये हेच तंत्र आहे. १९५८ साली लोकांसमोर आलेल्या डाफ ६०० या छोट्या डच मोटारीतही हेच होतं. पण त्या वाहनांत टॉर्क असा अर्ध्या सेकंदात दीडपट होत नाही. टर्बोचा सगळा घोळ तिथे आहे. साध्या इंजिनात एका आरपीएमला, पूर्ण थ्रॉटलवर, टॉर्क ठरलेला असतो. टर्बोत तोच आरपीएम, तोच थ्रॉटल, आणि तरी बूस्ट येण्याआधीचा टॉर्क वेगळा, आल्यानंतरचा वेगळा. प्रायमरीतल्या वजनांना फक्त आरपीएम कळतो. हेलिक्सला फक्त टॉर्क कळतो. बूस्ट कळणारा भाग क्लचमध्ये कुठेच नाही. त्यामुळे या दोघांना एकमेकांशी असं जुळवावं लागतं, की बूस्ट येताना, पूर्ण असताना आणि थ्रॉटल सोडून परत दाबल्यावर, तिन्ही वेळा आरपीएमची सुई एकाच जागी राहील.

सुई कुठे राहायला हवी, हे आधी ठरलं पाहिजे. माझ्या इंजिनाची सर्वाधिक ताकद ८,००० ते ८,२०० आरपीएमच्या दरम्यान मिळते. म्हणून लक्ष्य ८,१००. टू-स्ट्रोकमध्ये हा पट्टा अरुंद असतो, कारण ताकद एक्झॉस्ट पाइपमधल्या दाबलाटांच्या वेळेवर अवलंबून असते. टर्बो पाइपच्या पुढे बसलेला असला तरी पाइपचं काम संपत नाही. शिखराच्या दोनतीनशे आरपीएम खाली गेलं तर गाडी मंद वाटते. तेवढंच वर गेलं तर आवाज मोठा होतो, पण ओढ कमी होते. दुसरा प्रकार जास्त फसवा. इंजिन किंचाळत असतं आणि आपल्याला वाटतं गाडी जोरात चाललीय.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाइप तापला की आतल्या वायूत आवाजाचा वेग वाढतो, परतणारी लाट लवकर येते आणि शिखर वरच्या आरपीएमकडे सरकतं. गाडी सुरू करून दोन मिनिटांत काढलेल्या पहिल्या धावेवरून वजनं बदलायला घेतली तर ते माप थंड पाइपचं असतं. म्हणून मी प्रत्येक बदलानंतर गाडी आधी नीट तापवायचो आणि मगच आकडे बघायचो.

क्लचला हात लावण्याआधी बूस्ट आणि इंधन पक्कं करून घेतलं. हा क्रम उलटा करून चालत नाही. बूस्ट आज ६ पीएसआय (दाबाचं एकक) आणि उद्या ९ असं असेल तर क्लच कशाला जुळवायचा? वेस्टगेट (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप) स्थिर, इंधनाचं मिश्रण सुरक्षित, इंधन पुरेशा ऑक्टेनचं, दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरवर बर्फ साचून हवा अडत नाही याची खात्री, आणि डिटोनेशनची (सिलिंडरमध्ये इंधन अनियंत्रित भडकण्याची) कुठलीही खूण नाही, एवढं झाल्यावरच मी बेल्टचं झाकण काढलं. झाकणाविषयी एक वाक्य गांभीर्यानं सांगतो: ते काढून इंजिन रेझ करू नका, कोणालाही करू देऊ नका. आठ हजार आरपीएमला फिरणाऱ्या क्लचमधून तुकडा सुटला तर तो कुठे जाईल हे आपल्या हातात नसतं.

मग तपासणी. टर्बोमुळे वाढलेला टॉर्क इंजिनाला त्याच्या रबरी माउंटवर सेकंडरीकडे खेचतो. इंजिन थोडं जरी सरकलं तरी दोन पुल्यांमधलं अंतर आणि रेषा बदलते, बेल्ट तिरका धावतो, कडा झिजतात. एक माउंट मऊ झालेलं सापडलं, ते बदललं आणि इंजिन सरकू न देणारा टॉर्क स्टॉप नीट टेकवून घेतला. अलाइनमेंट बार लावून ऑफसेट, म्हणजे दोन पुल्या रेषेत किती पुढेमागे आहेत ते, मोजला. सेकंडरीत बेल्ट तबकडीच्या कडेला किंवा किंचित वर दिसला पाहिजे. फार वर असेल तर गाडी आयडलिंगलाच पुढे सरकायला बघते, फार खाली असेल तर सुरुवातीचा सगळ्यात लहान गिअरच हरवतो. तबकड्या घासून स्वच्छ केल्या, रोलर आणि बुश तपासले. नवा बेल्ट साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवला आणि पहिला काही काळ अर्ध्या थ्रॉटलवरच चालवला. ही कामं कंटाळवाणी खरी. पण ती झाल्याशिवाय काढलेल्या कुठल्याही आकड्यावर माझा विश्वास बसला नसता.

टर्बोच्या आधी माझ्या गाडीत ६२ ग्रॅमची तीन वजनं होती. तीच ठेवून पहिली धाव घेतली, मुद्दाम, नवी ताकद क्लचला कुठे नेते ते बघायला. बूस्ट चढला तशी सुई थेट ८,६०० च्या पुढे गेली आणि आरपीएम अडवणारा लिमिटर लागला. अपेक्षित होतं. वजनांनी निर्माण होणारा जोर वस्तुमानावर आणि आरपीएमच्या वर्गावर अवलंबून असतो. त्याच आरपीएमला जास्त ताकद पेलायची तर वस्तुमान वाढवणं भाग आहे.

नवी वजनं मी अशी घेतली, ज्यांत तीन ठिकाणी आटे पाडलेली भोकं असतात: टाचेजवळ म्हणजे बिजागरीकडे, मध्ये, आणि टोकाला. प्रत्येक भोकात छोटे धातूचे स्क्रू घालून ग्रॅम बदलता येतात. तिन्ही वजनांत अगदी सारखंच भरावं लागतं. मी दागिने तोलायच्या काट्यावर दशांश ग्रॅमपर्यंत जुळवायचो. एकात थोडं जास्त झालं तर प्रायमरी थरथरते आणि तो मार क्रँकच्या बेअरिंगला बसतो. प्रायमरीचं झाकण परत बसवताना ते आणि मागचा भाग यांच्यावरच्या खुणा समोरासमोर आणायच्या, बोल्ट आळीपाळीनं थोडेथोडे सोडायचे आणि तसेच आवळायचे, कारण खाली स्प्रिंग दाबलेली असते.

हळूहळू वाढवत ७६ ग्रॅमपर्यंत आलो आणि उघड्या उतारावर पूर्ण थ्रॉटलला सुई ८,१०० वर टेकली. माझ्या मशीनवर टोकाला एक ग्रॅम वाढवला की साधारण शंभर आरपीएम उतरतात, टाचेला वाढवला तर पूर्ण थ्रॉटलवर त्याहून बरेच कमी. अनेक जण इथे थांबतात. आकडा जुळला, काम झालं. मीही दोनतीन दिवस तसाच चालवत होतो. मोकळ्या मैदानात गाडी झकास पळायची. झाडांमध्ये शिरलं, थ्रॉटल सोडला, वळलो आणि परत दाबला की मात्र सुई ६,८०० ला अडकून बसायची. बूस्ट येईना, कारण आरपीएम नाही; आरपीएम येईना, कारण बूस्ट नाही. पावडर बर्फात ते दोन सेकंद म्हणजे गाडी रुतण्यासाठी भरपूर वेळ.

माझ्याबरोबर नेहमी येणारा एक मित्र टर्बो गाड्या माझ्या खूप आधीपासून चालवतोय. तो मागून माझी गाडी ऐकत होता. थांबल्यावर म्हणाला, "तू शेवटचा आकडा बघतोयस. तिथपर्यंत सुई कशी जाते ते बघ." त्या दिवसापासून मी लॉग, म्हणजे धावेची नोंद, काढायला लागलो. आरपीएम, बूस्ट आणि ट्रॅकचा वेग, तिन्ही एकाच वेळेच्या रेषेवर. ट्रॅकच्या वेगावरून आणि चेनकेसच्या (सेकंडरीकडून ट्रॅकला ताकद देणाऱ्या चेनच्या पेटीच्या) गिअरिंगवरून सेकंडरीचा वेग काढता येतो. इंजिनाच्या आरपीएमला त्यानं भागलं की बेल्ट त्या क्षणी कुठल्या प्रमाणावर होता तेही कळतं. स्क्रीनवर बघितलेली सुई आणि लॉगमधली रेषा यांत फार फरक असतो. चढावर असताना आपलं लक्ष झाडांकडे असतं आणि तिथेच ते असायला हवं.

लॉगमध्ये तीन जागा स्पष्ट दिसल्या. सुरुवातीला, बूस्ट दोनतीन पीएसआय असताना, रेषा खाली दबलेली. बूस्ट भरताना छोटा उंचवटा. मग ८,१०० वर सरळ. म्हणजे एकूण वजन बरोबर होतं, पण ते चुकीच्या जागी बसलेलं होतं. शिफ्टच्या, म्हणजे बेल्ट प्रायमरीवर चढण्याच्या, सुरुवातीला वजन ज्यावर टेकतं तो रोलर वजनाच्या टाचेकडच्या भागावर असतो, शिफ्ट पुढे जाईल तसा टोकाकडे जातो. टोकाचं वस्तुमान वजन बाहेर झुकत जाईल तसं केंद्रापासून अधिकाधिक दूर जातं, म्हणून त्याचा जोर शेवटी शेवटी वाढत जातो. माझ्या ७६ ग्रॅमपैकी फार मोठा वाटा टाचेत होता. बूस्ट यायच्या आधीच्या अशक्त इंजिनावर हे वजन भार टाकत होतं. ज्या क्षणी इंजिनाला मोकळं सोडायला हवं त्याच क्षणी बेल्ट वरच्या गिअरकडे ढकलला जात होता.

एकूण ७६ च ठेवून टाचेतले तीन ग्रॅम काढले आणि टोकाला घातले. फरक एवढा होता की मी त्याच उतारावर परत परत जाऊन खात्री केली. थ्रॉटल दाबताच सुई वर उडते, टर्बो फिरायला लागतो, आणि मग ओढ सुरू होते. पूर्ण थ्रॉटलचा आकडा मात्र ७,९०० ला आला, कारण टोकाच्या ग्रॅमला जोर जास्त. तिथला एक ग्रॅम कमी केला. आता बूस्ट भरतानाचा उंचवटा मोठा झाला होता: सुई क्षणभर ८,४५० ला जाऊन परत ८,१०० कडे यायची. मधल्या भोकात एक ग्रॅम टाकल्यावर तो ८,२५० च्या आसपास आला. तेवढा मी मुद्दाम राहू दिला. तो पूर्ण सपाट करायला गेलं की आधीचा मोकळेपणा जातो, आणि झाडांमध्ये मला त्या मोकळेपणाची गरज जास्त. मोकळ्या टेकड्यांवर शर्यत लावणारा माणूस कदाचित उलटा निर्णय घेईल.

या कामात मला जे काही मिळालं त्यातलं सगळ्यात मोलाचं हेच: टर्बो गाडीत वजन किती यापेक्षा ते कुठे आहे याला महत्त्व जास्त. दोन गाड्यांत ७६ ग्रॅम असू शकतं आणि त्या पूर्णपणे वेगळ्या वागू शकतात. म्हणूनच "तुझ्यात किती ग्रॅम आहेत?" याचं एका आकड्यात दिलेलं उत्तर निरुपयोगी असतं. तीन भोकांचे तीन आकडे, स्प्रिंग, हेलिक्स, गिअरिंग आणि उंची, एवढं सगळं मिळून उत्तर होतं.

मग सेकंडरीकडे वळलो. तिथे ४४/३८ अंशांचा हेलिक्स होता, म्हणजे सुरुवातीला ४४, पुढे ३८ पर्यंत कमी होणारा. कोन जितका मोठा तितका टॉर्कमधून निर्माण होणारा दाब कमी, बेल्ट लवकर वर जातो, इंजिनावर भार पडतो. कोन लहान, तर दाब जास्त, आरपीएम वर राहतो आणि थ्रॉटल सोडल्यावर बेल्ट चटकन खालच्या गिअरकडे परततो. या परतण्याला बॅकशिफ्ट म्हणतात आणि डोंगरात ते फार लागतं. टर्बोवाल्यांमध्ये एक मत आहे की मोठ्या कोनानं इंजिनावर भार टाकला की बूस्ट लवकर तयार होतो. विचार पटण्यासारखा आहे, म्हणून सरळ ४६ अंशांचा हेलिक्स लावून पाहिला. पहिले काही सेकंद ओढ जबरदस्त होती. पण लांब चढ संपल्यावर इंजिन बंद करून झाकण उघडलं तर सेकंडरीच्या तबकडीवर हात ठेववत नव्हता, प्रायमरी मात्र नुसती कोमट.

हाताची ही परीक्षा जुनी आहे आणि ती अजूनही मला थर्मामीटरइतकीच उपयोगी वाटते. हात तबकडीवर आरामात टेकवता आला तर ठीक. चटका बसत असेल तर बेल्ट घसरतोय. कुठली पुली जास्त गरम यावरून तो कुठे घसरतोय ते कळतं. सेकंडरी गरम, तर सेकंडरीची पकड कमी: स्प्रिंग मऊ किंवा हेलिक्सचा कोन मोठा. प्रायमरी गरम, तर तिकडे जोर कमी पडतोय: वजन कमी, स्प्रिंग फार कडक, किंवा सेकंडरी प्रमाणाबाहेर आवळलेली. दोन्ही गरम असतील तर आधी अलाइनमेंट आणि झाकणाखालच्या हवेचा मार्ग बघावा. बर्फानं हवेची जाळी बुजली की उत्तम सेटिंगचा बेल्टही जळतो. इन्फ्रारेड गन मी आता बाळगतो, कारण तिचे आकडे वहीत लिहिता येतात. पण निर्णय हातच देतो.

४६ अंशांवर बेल्टच्या कडाही चकचकीत व्हायला लागल्या होत्या. तो हेलिक्स काढला आणि सरळ ४० अंशांचा लावला. माझा तर्क असा होता: बूस्ट येताना टॉर्क आपोआप वाढतो, त्यामुळे हेलिक्सचा दाबही आपोआप वाढतो, वर आणखी कोन लहान होत जाणारा हेलिक्स असेल तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी एकाच दिशेला जातात आणि तो मधला उंचवटा वाढतो. सरळ कोनानं लॉगची रेषा खरोखर अधिक सपाट झाली. त्यासोबत सेकंडरीची स्प्रिंग १५५/२२२ वरून १६०/२४० केली. हे आकडे स्प्रिंगचा दाब पाउंडांत सांगतात, पहिला सुरुवातीचा, दुसरा पूर्ण दाबल्यावरचा. बॅकशिफ्ट लगेच सुधारलं, सगळीकडे आरपीएम शंभराच्या आसपास चढला, आणि टोकाला एक ग्रॅम परत घालून तो मी खाली आणला. हेलिक्स आणि स्प्रिंग एकाच दिवशी बदलली नाहीत. आधी हेलिक्स, लॉग, मग स्प्रिंग, मग परत लॉग. दोन गोष्टी एकदम बदलून गाडी सुधारली तर कशामुळे सुधारली ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी बिघडली तर मागे कुठे जायचं तेही कळत नाही.

प्रायमरीची स्प्रिंग सगळ्यात शेवटी घेतली. तिचा पहिला आकडा ठरवतो की बेल्ट कुठल्या आरपीएमला पकडेल. १४०/३३० स्प्रिंगवर गाडी ३,६०० च्या आसपास हलायची. टर्बोला वरच्या आरपीएमला पकडलेलं बरं, कारण तोवर एक्झॉस्टचा प्रवाह वाढलेला असतो. म्हणून १६०/३३० घातली. दुसरा आकडा तोच ठेवला, म्हणजे वरचं टोक हलणार नाही. गाडी आता ४,१०० ला पकडायला लागली. कडक बर्फावर मजा आली. खोल पावडरमध्ये मात्र थांबलेली गाडी उचलताना ट्रॅक एकदम फिरायचा आणि पुढे जायच्या ऐवजी खड्डा खणायचा. शिवाय प्रत्येक सुरुवातीला बेल्ट घसरण्याचा वेळ वाढतो. शेवटी १५० ची स्प्रिंग, ३,९०० च्या आसपास. नवी स्प्रिंग घालताना तिची वेटोळी पूर्ण शिफ्टच्या आधीच एकमेकांना टेकत नाहीत ना, हेही मोजून बघावं. टेकली तर प्रायमरी पूर्ण बंद होत नाही आणि माणूस उगाच वजनांमध्ये दोष शोधत बसतो.

उंचीचा हिशेब वेगळा सांगायला हवा, कारण टर्बोविषयी सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. साधं इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. टर्बोत ते होत नाही, असं सरसकट सांगितलं जातं. पण माझ्यासारख्या साध्या वेस्टगेटच्या किटमध्ये गेज बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय, ३,००० मीटरवर साधारण १०. तिथे ८ पीएसआय बूस्ट म्हणजे एकूण १८. तोच ८ बूस्ट १,५०० मीटरवर, जिथे हवा १२ पीएसआयच्या थोडी वर आहे, एकूण २० च्या पुढे जातो. गेजवर आकडा तोच, पण इंजिन खाली जास्त ताकदवान. म्हणून खालच्या डोंगरात जाताना मी टोकाला दोन ग्रॅम वाढवतो. कारखान्यातूनच टर्बो लागून येणाऱ्या गाड्यांत संगणक हे सांभाळतो. २०१९ मध्ये स्की-डूनं पहिलं कारखाना-निर्मित टू-स्ट्रोक टर्बो इंजिन जाहीर केलं, तेव्हा ८,००० फुटांपर्यंत १६५ हॉर्सपॉवर टिकून राहते हाच त्याचा मुख्य दावा होता. अशा गाडीचा क्लच लावणं त्या अर्थानं सोपं, कारण ताकद उंचीनुसार फारशी हलत नाही.

चाचणी कुठे घ्यायची यावर माझं मत आता पक्कं झालंय. दाबून सपाट केलेल्या ट्रेलवर भार कमी असतो, गाडी भराभर वेग घेते, आणि बूस्ट पूर्ण भरायच्या आत धाव संपते. तिथे जुळवलेला क्लच खोल बर्फात हमखास चुकीचा ठरतो, कारण तिथे भार टिकून राहतो, बूस्ट पूर्ण चढतो आणि इंजिन मिनिटभर घामाघूम होतं. जिथे चालवायचं तिथेच लावायचं. फक्त चाचणीचा उतार निवडताना त्या दिवसाचं हिमस्खलनाचं पत्रक वाचून, कमी चढाची, वर काही लटकत नसलेली जागा घ्यावी, आणि ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधणारं रेडिओयंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) अंगावर असावेत. लॉगमध्ये डोकं घातलेला माणूस आजूबाजूला बघत नाही, हे मी इतरांच्या बाबतीत पाहिलंय.

एक साधा उपाय मला लॉगइतकाच कामी आला. काळ्या मार्करनं प्रायमरीच्या तबकडीवर केंद्रापासून कडेपर्यंत सरळ रेघा ओढायच्या आणि एक पूर्ण धाव घ्यायची. बेल्ट जिथवर चढला तिथवरची रेघ पुसली जाते. आपण कागदावर कितीही प्रमाणं मोजली तरी बेल्टनं प्रत्यक्षात कुठवर मजल मारली, ते ही रेघ सांगते. ती फासल्यासारखी पसरली असेल तर बेल्ट घसरतोय, स्वच्छ पुसली असेल तर पकड चांगली.

सध्या गाडीत जे आहे ते असं: एकूण ७७ ग्रॅम, टाचेला हलकं, मध्ये एक, बाकी टोकाला, प्रायमरी १५०/३३०, सेकंडरी १६०/२४०, हेलिक्स सरळ ४०. वसंतातल्या ओल्या, जड बर्फात हवा गरम होते, ताकद थोडी उतरते आणि भार वाढतो, तेव्हा टोकातला एक ग्रॅम काढतो. बेल्टची धूळ दर वेळी पुसतो. दुसरा बेल्ट, आधीच चालवून बसवलेला, गाडीत असतोच.

मार्करच्या रेघेनं एक काम मात्र अजून शिल्लक असल्याचं दाखवलंय. खोल बर्फातल्या उभ्या चढावर बेल्ट प्रायमरीच्या जेमतेम अर्ध्यापर्यंत जातो. म्हणजे क्लच बराच वेळ खालच्या प्रमाणांत अडकलेला असतो, जिथे बेल्ट प्रायमरीभोवती लहान वर्तुळात वाकतो आणि जास्त तापतो. ते वजनांनी सुटणारं नाही, चेनकेसमध्ये सुटेल. वरचं स्प्रॉकेट २१ दातांचं आहे आणि खालचं ५१. वरचं २० चं केलं की प्रमाण २.४३ वरून २.५५ होईल, आणि त्याच वेगाला बेल्ट थोडा वर चढलेला असेल. त्यानं इंजिनावरचा भार कमी होऊन आरपीएम चढेल असा माझा अंदाज आहे, म्हणून टोकासाठी एक ग्रॅमचे स्क्रू आधीच तोलून वेगळे ठेवलेत. स्प्रॉकेट आलं की पहिली धाव सध्याच्याच वजनांवर घेणार.